टाकीजवळची बारा रोपं

अतिलिओ पेद्रेत्तीने एक रोप दोन बोटांच्या चिमटीत धरलं, छपराच्या फटींतून येणाऱ्या उजेडाकडे ट्रे तिरका केला आणि पुन्हा खाली ठेवला. रोप उपटलं नाही. शेजारचं धरलं. तेही सोडलं. सकाळपासून हेच चाललं होतं. समोरच्या फळीवर चौदा ट्रे होते, प्रत्येकात दोनशे रोपं, आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत अजून एकही पडलं नव्हतं.

‘स्टॉक’ या सुगंधी फुलझाडाची रोपं तीन आठवड्यांची झाली आणि त्यांना चार थंड रात्री मिळाल्या, की त्यांच्या पानांत फरक पडतो. ज्यांना भरगच्च फुलं येणार, त्यांची पानं फिकी, जराशी पिवळट दिसतात. ज्यांना चार पाकळ्यांची एकेरी फुलं येणार, त्यांची गडद हिरवी. गडद तेवढी उपटायची आणि फिकी शेतात लावायची. एका रोपाला एकच दांडा येतो आणि तो एकदाच कापायचा असतो, त्यामुळे एकेरीला जागा देणं कुणालाच परवडत नाही. फरक दिसतो तो चार-पाच दिवस. मग सगळी रोपं एकसारखी होतात. आजचा चौथा दिवस होता.

अतिलिओला तो फरक पहिल्या दिवशीही दिसला नव्हता. खरं सांगायचं तर आयुष्यात कधीच दिसला नव्हता. त्याच्या डोळ्यांना हिरव्यातलं बरंचसं कळतच नसे, आणि ही गोष्ट या जगात फक्त एका माणसाला ठाऊक होती. ते माणूस मे महिन्यात गेलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याने टोपलीभर टोमॅटो मोठ्या ऐटीत तोडून आणले होते. निम्मे कच्चे. एल्विराने टोपलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि कच्च्यांचं लोणचं घातलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मोज्यांच्या काठाला दोऱ्याच्या गाठी मारलेल्या होत्या. तपकिरीला एक, हिरव्याला दोन. त्या विषयावर नवराबायकोत जे काही बोलणं व्हायचं ते त्या गाठींतच झालं.

रोपांची निवड मग आपसूकच तिच्याकडे आली. जुन्या संत्र्यांच्या खोक्यावर बसून ती ट्रेमागून ट्रे हातावेगळा करी. नाव मात्र त्याचं होत राहिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या फूलबाजारात पेद्रेत्तींचा पांढरा स्टॉक जुडी न सोडता विकला जाई, कारण त्यात एकेरी दांडा सापडत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. लवंगेसारखा त्याचा वास गाडीचं दार उघडायच्या आधीच येई. ‘पेद्रेत्तीची नजर’ असं लोक म्हणत. आणि पेद्रेत्ती ते ऐकून घेई. तरुण होता, किनाऱ्यावरच्या पुरुषांत उठबस होती. कोण नाही म्हणेल?

ते एकदा चांगलंच अंगाशी आलं होतं. उत्पादक संघाची वीस-पंचवीस माणसं एका सकाळी या रोपांच्या मांडवात येऊन उभी राहिली. तुझी नजर आम्हालाही दाखव म्हणाली. अतिलिओ खोक्यावर बसला, उगाच बाह्या सरसावल्या आणि एका रोपाला हात घातला. पाठीमागे उभी असलेली एल्विरा खोकली. त्याने ते उपटलं. पुढच्याला हात लावला, ती गप्प राहिली, त्याने ते सोडलं. अख्खा ट्रे असा झाला. लोक थक्क होऊन पाहत होते, आणि त्याची बायको छाती फुटेस्तोवर खोकत होती. शेजारच्या देओलिंदाला तिची इतकी दया आली की ती धावत घरी जाऊन लिंबू पिळलेलं गरम मधपाणी घेऊन आली. एल्विराने चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते सगळं पिऊन टाकलं. त्या रात्री दोघं उशीत तोंड खुपसून हसली होती.

त्या गोष्टीलाही आता सतरा वर्षं झाली.

अतिलिओ उठला. गुडघे कुरकुरले. त्याने बीचा डबा उघडून पाहिला, आत काही नाही हे माहीत असूनही. सप्टेंबरात त्याने तळापर्यंत सगळं बी पेरून टाकलं होतं. एल्विरा नेहमी निम्मं राखून ठेवायची, पण हे त्याला पेरून झाल्यावर आठवलं. अशी कितीतरी कामं ती करत होती, जी कामं आहेत हेच त्याला ठाऊक नव्हतं.

सगळी रोपं लावावीत तर तेवढी जमीन नव्हती आणि एकाहत्तराव्या वर्षी तेवढी कंबरही नव्हती. डोळे मिटून निम्मी लावावीत तर मार्चमध्ये निम्मं शेत एकेरी निघणार. बाजार एकदा फसला की दुसऱ्यांदा जवळ करत नाही. पांढरा संपला असता, आणि पांढरा संपला तर या धुक्यात एकट्याने सूप गरम करून पिण्याला काही अर्थ उरला नसता. मुलगी दूर टूसॉन शहरात होती. दर रविवारी फोन करायची. या रविवारी म्हणाली होती, पप्पा, जमीन विकायची की नाही ते नाताळच्या आत ठरवा, इथे तुमची खोली तयार आहे. तो म्हणाला होता, रोपं लावून होऊ देत, मग बोलू. रोपांचं काय झालंय ते तिला सांगता आलं नाही. चाळीस वर्षं बापाच्या नजरेचं कौतुक ऐकत वाढलेली पोर ती.

तसे उपाय त्याने करून पाहिले होते. काल एक ट्रे गाडीत घालून तो गावातल्या खताच्या दुकानात गेला आणि गल्ल्यावरच्या पोराला सहज विचारावं तसं विचारलं, कशी वाटतात रोपं? पोरगा म्हणाला, छान हिरवीगार आहेत. तो ट्रे उचलून परत आला. आज सकाळी तर त्याने वेडेपणाच केला. एल्विराचा चष्मा खणातून काढून डोळ्यांवर चढवला. ट्रे, फळी, स्वतःचे हात, सगळं धूसर झालं. चष्म्याच्या दांडीला तिच्या केसांच्या तेलाचा वास येत होता. मग त्याने तो काढून फळीवर ठेवला. एकटेपणाची त्याला इतक्या महिन्यांत सवय झाली असं तो लोकांना सांगायचा. ते खोटं होतं.

बाहेर फाटकाची कडी वाजली.

देओलिंदा होती. कुंपणापलीकडची, पोर्तुगालच्या अझोर बेटांवरून लहानपणी आलेली, नऊ वर्षांपूर्वी विधवा झालेली. एल्विराच्या शेवटच्या दोन महिन्यांत ती रोज दुपारी येऊन बसायची. अंत्यविधीनंतर दोनदा सूपचं पातेलं घेऊन आली होती. दोन्ही वेळा अतिलिओने आतून दार उघडलं नाही. मग ती आली नाही. लोक किती लवकर विसरतात, असं तो मनात म्हणाला होता. दार आपणच उघडलं नव्हतं हे सोयीने विसरून.

“एल्विराच्या बरण्या राहिल्या होत्या माझ्याकडे,” ती म्हणाली. हातात दोन रिकाम्या बरण्या होत्या.

“ठेवा तिथे.”

तिने त्या फळीच्या टोकाला ठेवल्या. जायला मात्र निघाली नाही. ट्रेवरून तिची नजर फिरली, बादलीत डोकावली. अतिलिओने घाईघाईने फळीवरचा चष्मा उचलून खिशात घातला.

“निवड चाललीय वाटतं.”

“हो. आत्ताच बसलोय.”

“बसा की मग. मी काही तुमचा हात धरत नाही. गुडघा दुखतोय, जरा टेकून जाते.”

पण टेकली नाही ती. त्याच्या पाठीमागे उभीच राहिली आणि कोबीचं यंदा कसं वाटोळं झालं, भाच्याने नवी गाडी घेतली ती दोनदा कशी बंद पडली, हे सांगत बसली. अतिलिओला वाटलं, आता ही जाईपर्यंत काहीतरी केल्यासारखं दाखवायलाच हवं. आजवर सांभाळलेलं या बाईसमोर उघडं पडायला नको. तो खोक्यावर बसला. पहिलं दिसलं ते रोप चिमटीत धरलं.

मागे देओलिंदाचं बोलणं थांबलं आणि ती खोकली.

छोटासाच खोकला. घसा साफ करावा तसा. अतिलिओची बोटं रोपावर तशीच राहिली. त्याने मान वळवली. देओलिंदा त्याच्याकडे पाहत नव्हती. मांडवाच्या दारातून बाहेर, समुद्रावरून चढत येणाऱ्या धुक्याकडे पाहत होती.

त्याने ते रोप उपटून बादलीत टाकलं.

पुढच्याला बोट लावलं. ती भाच्याच्या गाडीबद्दल पुन्हा बोलू लागली. त्याने ते सोडलं. त्याच्या पुढच्याला लावलं, तरी तिचं बोलणं चालूच. चौथ्याला ती खोकली.

अतिलिओने तेही उपटलं. एप्रिलमधली एक गोष्ट त्याला आठवली. एल्विराने अंथरुणावरून हट्ट धरला होता, मूठभर बी पेरून एक ट्रे माझ्या खिडकीत ठेव. पेरणीचे दिवस नव्हते. बिचारीला काहीतरी हिरवं बघावंसं वाटत असेल म्हणून त्याने पेरून दिला होता. दुपारी देओलिंदा आली की ती त्याला बाहेर पिटाळायची. बायकांच्या गोष्टी आहेत, जा तू, म्हणायची. आणि बंद दारामागून खोकण्याचे आणि हसण्याचे आवाज येत. दोघींच्या खोकण्याचे. दुखणं पोटाचं होतं, हे तेव्हा त्याच्या डोक्यात आलंच नाही.

त्याला एल्विराचा राग आला. जगात दोघांचं म्हणून एवढं एकच गुपित होतं, तेही तिने कुंपणापलीकडे देऊन टाकलं होतं. दोन-तीन रोपं होईस्तोवर तो राग राहिला. मग त्याला समोरची रोपंही दिसेनाशी झाली आणि त्याने बाहीने डोळे पुसले. खोकला थोडा वेळ थांबला, त्याचा हात पुन्हा ट्रेवर जाईपर्यंत.

पहिला ट्रे संपला. दुसरा संपला. तिसरा संपून बादली निम्मी भरली तेव्हा ती उचलून रिकामी करायला तो उठला.

“सगळी नका टाकू,” देओलिंदा म्हणाली. “बारा ठेवा.”

“कशाला?”

“पाण्याच्या टाकीजवळ लावायला. भरगच्च फुलाला बी धरत नाही. बी धरतं ते या गडद रोपांनाच.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि ‘ही कशाला ठेवलीस’ असं तुम्ही दर वर्षी विचारता, तेही तिने सांगून ठेवलंय.”

अतिलिओ बादली धरून उभा राहिला. टाकीजवळची ती ओळ त्याने चाळीस वर्षं पाहिली होती. मे महिन्यात तिथे शेंगा वाळत. या मे महिन्यात त्या कुणी काढल्या नव्हत्या. त्याने बादलीत हात घालून बारा रोपं निवडून काढली, मुळांची माती न झाडता, आणि ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवली. निवडायचं काही नव्हतंच, बादलीत होती ती सगळी गडदच असणार.

“हे सांगायला मे महिन्यातच का नाही आलात?” त्याने तिच्याकडे न बघता विचारलं.

“दोनदा आले होते.”

त्याने बादली रिकामी केली, परत आणून खोक्यापाशी ठेवली. फळीवर अजून अकरा ट्रे होते आणि त्याने चौथा ओढून घेतला, पण बसला नाही. देओलिंदाचा आवाज खरोखरच बसत चालला होता.

“घसा धरला तुमचा,” तो म्हणाला.

“धुकं आहे ना.”

“घरात मध आहे. पाणी ठेवतो गरम. लिंबू झाडावर असेल.”

ती त्याच्या मागोमाग मांडवाबाहेर आली. स्वयंपाकघराच्या पायऱ्यांशी लिंबाचं झाड होतं. एल्विरा गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता, फळांनी ते वाकलं होतं. अतिलिओ त्याच्यासमोर उभा राहिला. कच्ची आणि पिकली, त्याला सगळी सारखीच दिसत होती.

त्याने हात वर केला आणि एका लिंबाला धरलं.

मागून देओलिंदा खोकली. हिरवं, म्हणजे कच्चं.

त्याने ते सोडलं. हात पुढच्या फांदीकडे नेला, एक जाडसर लिंबू मुठीत घेतलं आणि थांबला. मागे काही आवाज आला नाही. त्याने ते तोडलं.