गुरुवारचे दोन तास

त्या बिजागऱ्यांच्या कारखान्यात चार नंबरचं लेथ मशीन दर गुरुवारी दोन ते चार बंद असायचं. का, ते कुणी विचारत नसे. घरात एखादा कोनाडा असतो, त्यात कधी काही ठेवत नाहीत आणि का ठेवत नाहीत ते कुणालाच आठवत नाही, तसं ते होतं.

विचारलं ते तिने. ती नव्याने लागलेली नियोजनवाली. कुठल्या मशीनवर कधी काय चालणार, ते मोठ्या फळ्यावर रंगीत पट्ट्यांनी लावायचं हे तिचं काम. मुलगी सव्वा वर्षाची, पाळणाघर साडेपाचला बंद. चार नंबरवर बिजागरीच्या पिना व्हायच्या. त्या कमी पडल्या की जोडणीवाले खोळंबत, ट्रक उशिरा भरे, आणि ट्रक भरल्याशिवाय तिला निघता येत नसे. धापा टाकत ती पोचायची तेव्हा पाळणाघरवाल्या बाई कुलूप हातात घेऊन पायरीवर उभ्या असायच्या आणि त्यांच्या कडेवर मुंगी – मुलीला घरात सगळे मुंगीच म्हणत – टोपी-बूट घालून रस्त्याकडे बघत असायची. रडत नसायची. रडली असती तर बरं, असं तिला वाटायचं.

मग फळ्यावरचा तो गुरुवारचा पांढरा चौकोन तिच्या डोळ्यांत खुपायला लागला.

लेथवर होते भिंगकाका. कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग, म्हणून हे नाव. तीस वर्षं त्याच मशीनवर.

“काका, गुरुवारी दुपारी काय चालतं तुमचं?”

“काही नाही गं. खेळतो.”

“खेळता?”

“म्हातारपणी दुसरं काय करणार. पत्ते मला येत नाहीत.”

आजूबाजूचे हसले. तीही हसली. मग काकांनी मशीनखालून एक पत्र्याचा खोका ओढला. आत चिठ्ठ्या बांधलेल्या पिना, आणि वीतभर चौकटीला लावलेलं एक लाकडी दार.

“बोट घाल,” ते म्हणाले.

तिने हात मागे घेतला. तेव्हा त्यांनी स्वतःचं बोट चौकटीत ठेवलं आणि दार सोडून दिलं. दार आलं ते अगदी हळू, निजलेल्या मुलाच्या खोलीतून आपण पाय न वाजवता बाहेर येतो ना, तसं. बोटाशी येऊन नुसतं टेकलं. पिनेला नागमोडी खाच होती आणि खाचेत दाट ग्रीस भरलं होतं, एवढंच त्यातलं गुपित. दुसऱ्यांदा मात्र दार धाडकन आपटलं.

“लहरी आहे अजून,” काका बोट चोळत म्हणाले.

“छान आहे. पण हे कुणी मागितलंय का?”

“अजून नाही.”

तिने त्यातलं ‘नाही’ तेवढं ऐकलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कुठे लागायचं, असं मनाशी म्हणत दुसऱ्या दिवशी तिने त्या चौकोनात निळी पट्टी लावली. दोन तासांत अडीचशे पिना. काकांनी पट्टी बघितली, खोका मशीनखाली सरकवला. मग “बरं,” म्हणाले आणि कामाला लागले.

पंधरा दिवसांत ट्रक साडेचारला भरायला लागला. ती पाच वाजता पाळणाघरात पोचू लागली. मुंगी बुटांशिवाय, खेळता खेळता सापडू लागली. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, की चार नंबर आता रिकामं दिसतच नाही. सासूबाई म्हणाल्या, “चला, नोकरी मार्गी लागली म्हणायची.” ती आयुष्यात इतकी निर्धास्त कधी झोपली नव्हती.

कारखान्यात एक नियम होता, तिच्या आधीपासूनचा. ज्या वस्तूला तीन महिने कुणाचा हात लागला नाही तिला लाल चिठ्ठी. चिठ्ठीनंतर आठ दिवसांत कुणी हक्क सांगितला नाही, तर भंगार. नियम चांगलाच होता. त्याच्यामुळे तिथे पाय ठेवायला जागा होती. त्या तिमाहीच्या लाल चिठ्ठ्यांची यादी तिच्याकडे आली, चव्वेचाळीस वस्तूंची. एकोणतिसावी ओळ: ‘पत्र्याचा खोका, चार नंबरखाली, किरकोळ तुकडे.’ वाचताना घड्याळात पाच व्हायला दहा कमी होते. तिने सही केली.

त्यानंतर दोन महिन्यांनी कपाटवाले आले. कारखान्याचा निम्मा माल त्यांच्याकडे जाई. दुसरी पाळी चालायची ती त्यांच्याच जिवावर. त्यांचा खरेदी बघणारा माणूस शांतपणे म्हणाला, “आम्हाला शाळांच्या कपाटांचं काम मिळतंय. दार आपटता कामा नये, पोरांची बोटं चिरडतात. हळू मिटणारी बिजागरी हवी. दोन महिन्यांत नमुना दाखवा. नाहीतर, वाईट वाटून घेऊ नका, सगळाच माल आम्ही एका ठिकाणहून घेऊ.”

मालकीणबाई तिच्याकडे बघायला लागल्या. ती मात्र जिना उतरत होती, जवळजवळ धावत.

“काका, तो खोका.”

काकांनी भिंग वर सरकवलं. “तो गेला ना.”

“तुम्ही हक्क का नाही सांगितला? आठ दिवस होते.”

“काय लिहिणार होतो हक्काच्या कागदावर? वस्तू कशासाठी लागते, हा रकाना आहे त्यात. खेळायला, असं लिहू?” ते थोडं हसले. “तीन महिने हात लागला नव्हता, हे खरंच होतं. नियम सगळ्यांना सारखा.”

हात का लागला नव्हता, ते दोघांनाही माहीत होतं. ते काकांनी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर तिला उभं राहणं सोपं गेलं असतं.

“पुन्हा करता येईल?”

“येईल की. सत्तेचाळिसावी पिन चालली होती, दहातून पाचदा. खाच किती तिरकी होती तो कागद खोक्यात. सहा वर्षं लागली तिथवर यायला, गुरुवार गुरुवार करून.”

“पूर्ण वेळ दिला तर? आजपासून?”

“मग रोजच्या पिना कोण करणार बाई? त्या थांबल्या तर कपाटवाले उद्याच जातील.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तू विचारलं होतंस. खेळतो म्हणालो तो मीच. काम म्हटलं की लोक मोजायला लागतात, म्हणून खेळ म्हणायची सवय लागली. थोरल्या मालकांनी दिले होते ते दोन तास, तोंडी. ते गेले, तोंडचं त्यांच्याबरोबर गेलं.”

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. सकाळी पिना, दुपारी खाचा. डोळे लाल व्हायचे. मुदतीच्या दिवशी नेलेलं दार तीनदा हळू मिटलं आणि चौथ्यांदा, खरेदीवाल्याच्या बोटावर, आपटलं. तो वाईट बोलला नाही. बोटाकडे बघून नकारार्थी मान हलवली.

दुसरी पाळी बंद झाली. अकरा माणसं. शेवटच्या दिवशी पॅकिंगवाली मावशी डबा पिशवीत घालताना म्हणाली, “मॅडम, आता तुमचा ट्रक तीनलाच भरेल बघा.” टोमणा होता का, ते तिला अजून कळलेलं नाही. मावशीच्या तोंडावर तसं काही नव्हतं.

मालकीणबाई तिला रागावल्या नाहीत. “आज विकतो त्यावर या महिन्याचे पगार होतात,” खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, “उद्या काय विकणार, ते कुणाच्या फळ्यावर होतं? माझ्याही नव्हतं.” हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिने गुरुवारची निळी पट्टी काढली. बैल गेला नि झोपा केला. आता चार नंबर आठवड्यातले तीन दिवस तसंही रिकामंच असतं. पांढऱ्या चौकोनांना तोटा नाही. काका मात्र गुरुवारीच, दोनच्या ठोक्याला नवा खोका काढतात. ती समोर वही घेऊन बसते. खाच किती तिरकी, ग्रीसचं वजन, किती वेळा हळू, किती वेळा धाड, सगळं दोनदा लिहिते. एक कागद खोक्यात, एक तिच्या कपाटात.

“घाल बोट,” परवा काका म्हणाले.

या वेळी तिने घातलं. दार आलं, अर्ध्यावर रेंगाळलं आणि आपटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने बोट लगेच काढलं नाही.

“अकरावी पिन,” काका म्हणाले. “लिही.”

पाच वाजता पाळणाघरात मुंगीने ते निळं पडलेलं बोट धरलं, फुंकर घातली आणि ते धरूनच घरापर्यंत चालत आली.