क्ले रस्कचा होमरन

चौथ्यांदा हात हलवत परतलेल्या क्ले रस्कने बॅट बाकाखाली ढकलली. कुणाचं लक्षही नव्हतं. बेलफोर्ड हेरन्स या बेसबॉल संघाच्या डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकांवर, लग्नघरासारखा गोंगाट चालला होता. हेरन्स सतरा, पाहुणे एक! आज प्रत्येकाने हात धुऊन घेतले होते. एरवी नुसता चेंडू फेकणाऱ्या आणि बॅट धरताना लाजणाऱ्या पिचरनेसुद्धा दोन फटके मारले होते. कोरडा राहिला होता तो एकटा क्ले.

"आजोबा, तुम्हीही मारा की एखादा! पाहुणे रागावायचे नाहीत," कुणीतरी ओरडलं.

हशा पिकला. क्लेही हसला. तो चौतीस वर्षांचा होता. उमेदीची सगळी वर्षं त्याने या धाकट्या लीगमध्ये काढली होती. मोठ्या लीगचं बोलावणं कधी आलंच नाही.

मॅनेजर लाइल त्याच्याजवळ आला. "क्ले, तू बस आता. पोराला खेळू दे."

पोरगा म्हणजे ओर्लँडो पिन्या. वय एकोणीस, नुकताच डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेला. क्लेच्याच जागी खेळणारा.

'चुकू दे मेल्याचा फटका,' क्ले मनात म्हणाला. 'एकदा तरी चुकू दे.'

पोराने पहिलाच चेंडू असा टोलवला, की तो कुंपणापलीकडे दिसेनासा झाला. होमरन!

आयुष्यातला पहिला होमरन मारणाऱ्याला डगआउटमध्ये आधी कुणी ओळखच द्यायची नाही, अशी जुनी गंमत होती. ओर्लँडो धावत आला, तर सगळे गप्प. कुणी बुटाची नाडी बांधतोय, कुणी आभाळ बघतोय. पोरगा भांबावला. मग एकदम सगळे त्याच्यावर तुटून पडले. क्ले तेवढा भिंतीकडे बघत बसून राहिला.

"क्लेला बघा!" ओर्लँडो मोडक्या इंग्रजीत खिदळला. "अजून नाटक करतोय!" आणि त्याने क्लेला कडकडून मिठी मारली.

"पोराच्या आईला पाठवायला तो चेंडू हवा," लाइल म्हणाला. "क्ले, तू मोकळाच आहेस. बघ जरा सापडतो का."

मोकळाच आहेस! क्ले उठला आणि कुंपणामागच्या पार्किंगकडे गेला.

एका हिरव्या गाडीची पुढची काच तडकली होती. साठी उलटलेली एक बाई चेंडू हातात घेऊन गाडीपाशी उभी होती.

"हे तुमचे उद्योग का?" तिने विचारलं.

क्लेने तोंड उघडलं. खरं सांगायला एक शब्द पुरला असता.

"हो," तो म्हणाला. "मीच मारला."

"डोळे आहेत की बटणं? सतरा धावा काय कमी होत्या, म्हणून माझी काच फोडलीत?"

"चुकलं, बाई. पण बॅटवर फार छान बसला हो. हाताला कळलंसुद्धा नाही."

त्याचा चेहरा फुलला होता. बाई आणखी बोलणार होती, एवढ्यात गाडीतल्या रेडिओवर निवेदकाचा आवाज चढला: "...काय फटका होता तो! ओर्लँडो पिन्या, अवघ्या एकोणीस वर्षांचा पोरगा..."

क्ले मान खाली घालून उभा राहिला. बाईने त्याच्या कानशिलावरच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मग खिडकीतून हात घालून तिने रेडिओ बंद केला आणि चेंडू त्याच्या हातात ठेवला.

"छान मारलात," ती म्हणाली.