काचेतला गडगडाट

मी एक पत्रा बोलतोय. नाक मुरडू नका. छपराचा नव्हे, नाटकातला. रंगमंचाच्या आडोशाला मला दोरीने टांगायचे. नाटकात वादळ आलं की कुणीतरी माझा खालचा कोपरा धरून मला गदागदा हलवायचं आणि मी गडगडायचो. पुढच्या रांगेतल्या आया पोरांना कुशीत ओढायच्या. टाळ्या मात्र वादळात उभ्या राजाला!

पुढे गडगडाट यंत्रातून यायला लागला आणि माझी रवानगी जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी झाली.

यंदा सुट्टीत थिएटरवाल्यांनी वरच्या खोलीत नाटकाचं संग्रहालय काढलं. शाळा-कॉलेजातली पोरं हौसेने, बिनपगारी कामाला आली. "नाटकाचा इतिहास शिकाल," म्हणत व्यवस्थापक काकांनी त्यांच्या हाती फडकी दिली. काकांचा नियम एकच: प्रेक्षकांनी पाहिलं ते ठेवायचं, बाकी भंगार. पुठ्ठ्याचा मुकुट राहिला. लाकडी तलवारीला तर मखमल मिळाली.

माझी पाळी आली. पोरांनी मला जिन्याखालून वर आणलं.

"हा कुठल्या नाटकात दिसला होता?" काकांनी विचारलं.

चिमणी म्हणतात ती बारकी पोरगी म्हणाली, "काका, याला टांगायला भोकं पाडलीत. कामाचा असेल हो."

"दिसला का कधी?"

"नसेल."

"मग ने खाली. भंगारवाला खोळंबलाय."

घ्या! जन्मभर मला कुणी पाहू नये म्हणून दडवलं, आणि आता कुणी पाहिलं नाही म्हणून शिक्षा.

चिमणी आणि तिचा दांडगा मित्र मला जिन्यावरून उतरवू लागले.

"अरे, नीट धर की!"

"तूच ओढतेयस, बाई!"

कोपरा त्याच्या हातून निसटला. मी असा गडगडलो, की तिकीटवाल्या मावशी "अगं बाई, माझे कपडे!" करत गच्चीकडे पळाल्या. काका छत्री उघडून दारात. बाहेर लख्ख ऊन!

चिमणी हसून हसून पायरीवरच बसली. "काका, हा दिसायचा नाही, ऐकू यायचा!"

काका ओशाळले. छत्री मिटत पुटपुटले, "ठेवा याला."

ठेवलं. काचेच्या कपाटात, कुलूप घालून. वर पाटी: 'हात लावू नये.' आता पाहुणे वाजवून दाखव म्हणाले, की चिमणी तोंडानेच गडगडते. गुणाची पोर आहे, पण तो आवाज आभाळाचा नाही, उपाशी पोटाचा वाटतो.

तेव्हा पोरांनो, पुढच्या सुट्टीत जरूर या. मुकुट पुसा, तलवार पुसा. आणि काका जेवायला गेले की मला एकदा हलवा. किल्ली वरच्या फळीवर असते.