व्हर्नाचा चाप

व्हर्ना स्टिडमच्या तर्जनीने ऐन वेळी दगा दिला होता. संधिवाताने सांधा सुपारीएवढा सुजला होता आणि पिस्तुलाचा चाप ओढताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. तुरुंगातल्या कैद्यांची ने-आण करायची तिची नोकरी, आणि तिथे दरवर्षी नेमबाजीची परीक्षा. यंदा दोनदा ती नापास झाली होती. उद्याची तिसरी शेवटची. नोकरी गेली की विमा जाणार आणि विम्याबरोबर नवऱ्याचं, वेंडेलचं, हृदयाचं औषध. ते पदरचे डॉलर मोजून घेण्याची ऐपत मिसूरीतल्या त्या गावात कुणाचीच नव्हती.

परीक्षेला स्वतःचं पिस्तूल चालत असे. म्हणून रविवारी चर्चमधून आल्याबरोबर दोघांनी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला. वेंडेलचा उभा जन्म बंदुका दुरुस्त करण्यात गेला होता. आता हात थरथरत, जीभ तेवढी शाबूत होती.

"गोळ्या कुठायत?"

"झोपायच्या खोलीत. मॅगझिन काढलंय, आत काही नाही, बोट घालून बघितलंय. आता तू बघ."

त्यानेही बोट घालून पाहिलं. बाकी सगळ्या बाबतीत त्यांचा एकमेकांवर विश्वास होता. या एका बाबतीत नाही.

हलक्या चापासाठी दोनच भाग बदलायचे होते: एक स्प्रिंग आणि घोड्याला, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या हातोडीला, धरून ठेवणारा छोटा दात. वेंडेल सांगत गेला, व्हर्ना बसवत गेली.

"जोर कसला लावतेस? लोणच्याची बरणी आहे का ती?"

"तू गप्प बस, नाहीतर तुलाच बरणीत घालीन."

सगळं बसलं. तिने चाप ओढला आणि बोट दुखलंच नाही. तिला रडूच फुटलं.

"रडून झालं की पेन्सिल आण," वेंडेल म्हणाला.

रिकामं पिस्तूल छताकडे धरायचं, नळीत पेन्सिल सोडायची. घोडा पडला की ती उडते. सेफ्टी, म्हणजे घोडा अडवणारी कळ, लावलेली असताना मात्र ती हलता कामा नये. व्हर्नाने सेफ्टी लावून चाप दाबला, सोडला. पेन्सिल जागच्या जागी. मग तिने नुसती सेफ्टी काढली, चापाला बोटही न लावता, आणि पेन्सिल ताडकन छताला जाऊन लागली.

दोघांचे चेहरे उतरले. पुन्हा करून पाहिलं तर ठीक. आणखी एकदा केलं, पुन्हा उडाली. सेफ्टी असताना चाप दाबला की नवा दात जरासा सरके आणि मग घोड्याला पुरता धरत नसे.

"घासून नाही का बसणार?"

"माझ्या या हातांनी? केसभर जास्त गेलं की खेळ खलास." मग खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "उद्याचा दिवस निघेल याच्यावर."

असल्या पिस्तुलापायी गिऱ्हाइकांना दारातून हाकलणारा माणूस हे बोलत होता. भीती माणसाकडून काय वाटेल ते वदवून घेते.

"सेफ्टी असताना चापाला बोट लावू नकोस, म्हणजे झालं."

"माझं बोट माझं ऐकत असतं, तर आपण हा उद्योग केला असता का?"

"व्हर्ना, मला मरायचं नाहीये गं."

तिने पिस्तूल टॉवेलवर ठेवलं. "मला तरी तू मरायला हवायस का? पण परीक्षेच्या रांगेत माझ्या शेजारी कामावरची ओपल उभी असते. तिच्या मांडीत गोळी गेली तर? मी नाही नेणार हे."

तिने नवे भाग काढले. जुना दात बसला, जुनी स्प्रिंग मात्र दबेना. तिला अडकवून ठेवणारी खीळ दोनदा निसटली, एकदा फ्रिजखाली गेली. शेवटी तिने टेबलावर डोकंच टेकलं.

वेंडेल उठून तिच्याजवळ बसला. दोन्ही अंगठे स्प्रिंगवर ठेवून त्याने सगळं बळ लावलं. श्वास फुलला होता.

"सरकव खीळ. लवकर, सुटतंय."

खीळ बसली. आता सेफ्टी किती वेळा लावली-काढली तरी पेन्सिल ढिम्म हलत नव्हती.

"आता ओढ चाप."

तिने दात-ओठ खाऊन ओढला. चाप अर्ध्यावर आला आणि बोट सुटलं. पुन्हा ओढला. डोळ्यांतून पाणी आलं, पण घोडा पडला नाही.

"पिस्तूल चोख आहे," वेंडेल म्हणाला. त्याने ते तिच्या हातातून काढून टॉवेलवर ठेवलं आणि तिचं सुजलेलं बोट मुठीत धरून बसून राहिला.