साडेसात तासांची थंडी

मित्रांनो, मी एक जुनी शीतपेटी आहे. माझ्या भिंती दुहेरी आहेत, झाकणावर आतलं तापमान दाखवणारा आकडा आहे आणि डाव्या कोपऱ्याला चीर गेली आहे. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, आपण सहलींना जाऊ, सरबतं वाहू. पण मला एका रक्तपेढीने विकत घेतलं. तेव्हापासून मी जीव मुठीत धरून जगते आहे.

सगळ्यात मोठी भीती मला विमानात वाटली. परदेशातल्या इस्पितळात एक मुलगी होती. तिच्या हाडांतला, रक्त बनवणारा आजारी गर डॉक्टरांनी औषधांनी संपवला होता. भावाने दिलेल्या पेशी पोचल्या, तरच ती जगणार होती. भावाला व्हिसा मिळाला नाही, म्हणून त्याच्या पेशी माझ्यात घेऊन तिचे मामा निघाले.

रक्तपेढीतल्या ताई प्रवासाच्या प्रत्येक तासाला बर्फाची एक वडी भरत होत्या.

"अहो ताई, अजून टाका की!"

"मामा, हे आइस्क्रीम नाही. फार गार झालं तर पेशी गोठून फुटतील. नऊला निघता, एकला पोचता. चार तास. विमानतळावरच्या वेळेसाठी दोन वड्या वेगळ्या टाकल्यात."

तिकिटावर तसंच छापलं होतं. मीही निर्धास्त होते.

विमान उडालं आणि वैमानिकाचा आवाज आला. अंतर सहा हजार किलोमीटर, वेळ साडेसात तास.

"साडेसात?" मामा दचकले. "तिकिटावर तर चारच!"

"अहो, उतरायची वेळ तिथल्या घड्याळाची असते," शेजारच्या आजी म्हणाल्या. "तिथली घड्याळं आपल्या मागे चालतात."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या झाकणावर चार अंशांचा आकडा होता. आठच्या वर गेला की पेशींचं मरण सुरू होतं. पुढे पाच झाले, मग सहा. माझ्या पोटातल्या वड्या एकेक करून पाणी होत होत्या आणि मला काहीही करता येत नव्हतं.

"काका, पेटी वर ठेवा," हवाई सुंदरी म्हणाली.

"वर नाही ठेवणार, बाई. माझी भाची आहे यात."

ती काय समजायचं ते समजली. वैमानिकाने खाली इस्पितळाला विचारलं. उत्तर आलं: सरबताचा बर्फ पिशवीत बांधा, टॉवेलात गुंडाळा, झाकण क्षणभरच उघडा. ते क्षणभर उघडणं मला आजही आठवतं. उरलीसुरली थंडी माझ्या अंगातून वाहून जात होती. आकडा आठवर गेला आणि तिथेच थरथरत राहिला. उतरेपर्यंत मामांनी त्यावरून नजर हटवली नाही.

पेशी मुलीला दिल्या, पण त्या रुजल्या की नाही हे लगेच कळत नाही. मी इस्पितळाच्या फळीवर रिकामी पडून राहिले. कोणी काही सांगेना.

मग एक दिवस मामा मला न्यायला आले. त्यांनी मला एका काचेसमोर धरलं. पलीकडे केस गेलेली एक मुलगी पलंगावर बसून खिदळत होती.

"मामा, हीच ती? एवढीशी?" माझ्याकडे बोट दाखवत तिने विचारलं.

हो मित्रांनो, मी एवढीशीच आहे. माझ्यात थंडी मोजकीच मावते. म्हणून मला दूरदेशी पाठवण्याआधी दोन्ही शहरांची घड्याळं शेजारी मांडा आणि मधलं अंतर विचारा. झाकण लावायची घाई करू नका. एकदा ते लागलं की आत मी एकटी असते, आणि मला फार भीती वाटते.