खाऱ्या तळ्याकाठचं जाळं

"मानूस बुडतच नाय? खोटं बोलशील तर जीभ झडंल, मेल्या!"

सोनूबाईनं माशांची पाटी बंगल्याच्या मागच्या पायरीवर उतरवली आणि कमरेवर हात ठेवून रमाकांतकडे पाहिलं. तो परळच्या एका गिरणीसाहेबाचा बटलर, मूळचा मालवणकडचा. साहेबाबरोबर अमेरिका पाहून नुकताच परतला होता आणि तेव्हापासून त्याचं तोंड मिटत नव्हतं.

"देवाशपथ! आगगाडी त्या तळ्याकडेनच जाता. मी स्वता उतरलंय पाण्यात. इतक्या खारट, की माणूस लाकडासारखो वर तरंगता."

"आन् ते मॉर्मन धर्माचे गोरे? ते हायत तिथं?"

"त्यांचोच तर गाव तो. मोठा शहर केल्यानी."

सोनूबाई हसली. दात पडलेल्या तोंडानं, अगदी पोरीसारखी हसली. तिनं आपल्या मोकळ्या उजव्या मनगटाकडे पाहिलं. लग्नात कोळीण त्या हातातल्या बांगड्या दर्याला देते. त्या बदल्यात दर्यानं तिच्या धन्याला सांभाळायचं. म्हणजे दर्यानं शब्द पाळला होता. लवू बुडाला नव्हता!

लवू तिचा दादला. चाळीसेक वर्षांपूर्वी शिवडीच्या बंदरात दोन गोऱ्या उपदेशकांना होडीतून नेता-आणता तो त्यांच्या नादी लागला. हे मॉर्मन म्हणजे इतर पाद्रीसुद्धा दारात उभे करत नसत असले. त्यांच्याच मुलुखात, अमेरिकेत, लोकांनी त्यांची घरं जाळली, म्हणून बैलगाड्यांत बिऱ्हाडं घालून, वाटेत पोरंबाळं पुरत ते पश्चिमेला गेले आणि डोंगरांपलीकडे एका खाऱ्या तळ्याकाठी वसले. "तिथं देवावरून कुनी कुनाला हाकलत नाय," लवू म्हणायचा. खाडीत उभं राहून त्यानं त्यांच्या हातून त्यांच्या धर्माची बुडी घेतली आणि कोळीवाड्यानं त्याला वाळीत टाकलं. विहीर बंद, विस्तव बंद, होडी ढकलायलाही कुणी हात लावीना. शेवटी तो गोऱ्यांबरोबर जहाजावर चढला. सोनू पोटुशी होती. मागून बोलावतो म्हणाला. खांद्यावर जाळं घेतलं होतं. कशाला ते, असं तिनं विचारलं.

"पानी खारं हाय ना? मग मासली असनारच."

गेला तो गेलाच. पण अवसेला दिवेलागणीच्या सुमारास तो उंबऱ्याशी येऊन उभा राही. खांद्यावर तेच जाळं, कोरडं ठणठणीत, आणि पायांवर मिठाचा पांढरा थर. "मासली कुठाय?" ती विचारी. तो बोलत नसे, नुसतं जाळं पुढे करी. तिला भीती वाटत नसे, संताप येई. एवढ्या लांब गेलास, आणि रिकाम्या हातानं येतोस होय रे? तो गेल्यावर ती उंबऱ्यावर बोट फिरवून जिभेला लावी. खारट लागे. घरातल्या कुणाला तो कधी दिसला नाही, आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही.

आता नातीचं, सुभद्रेचं लग्न अडलं होतं. सोयरे म्हणत, वाळीतल्या माणसाची नात आम्ही करायची नाही. त्याचा गवताचा पुतळा करून जाळा, दिवस घाला, म्हणजे त्याचा बाट त्याच्याबरोबर जाईल. मुलगा रघू रोज हात जोडी.

"आये, पोरीसाटी तरी हो बोल."

"जित्या मानसाला जालू? माज्या हातानं?"

आणि आज तर पुरावाच मिळाला होता. आता कुणी पुतळ्याचं नाव काढून दाखवावं! तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी उचलली आणि जाता जाता सहज विचारलं, "बरं, मासली कंची मिलते रे तिकडं?"

"मासळी? एकय नाय. त्या पाण्यात मासो जगणाच नाय."

"जालं टाकलं तर?"

"रिकामाच येतला, आजये. वाळला की नुसता मीठ."

सोनूबाईनं पाटी पुन्हा खाली ठेवली आणि पायरीवर बसली. रमाकांतनं पाणी आणून दिलं, ते तिनं घेतलं नाही. इतकी वर्षं तो येऊन तेच सांगत होता, आणि आपण त्याच्यावरच खेकसत होतो. आणि तेवढ्या लांबून दर अवसेला उंबऱ्याशी येणारा माणूस जिता कसा असेल? उरलेली मासळी न विकताच ती शिवडीला परतली.

"पुतला कर," तिनं रघूला सांगितलं.

खाडीकाठी पुतळा ठेवला. तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या फोडायला बायका पुढे झाल्या, तेव्हा ती म्हणाली, "थांबा." रघूच्या होडीतलं जाळं तिनं ओढून आणलं, त्यात सकाळची ताजी सुरमई गुंडाळली आणि ते पुतळ्याच्या खांद्यावर ठेवलं.

"बाटलेल्याला कसला मान, सोनूबाय?" कोळीवाड्याचा पाटील गुरकावला.

"बाटला आसंल. पन कोली व्हता, पाटील. रिकामा नाय जानार तो."

पाटलानं दर्याकडे तोंड फिरवलं. मग बांगड्या फुटल्या आणि रघूनं अग्नी दिला.

सुभद्रेची हळद ठरली. अवस आली. दिवा लावून सोनूबाई दाराशी बसली. भरती आली, होड्या हलल्या, पुन्हा पाणी ओसरायला लागलं. आतून रघूनं जेवायला हाक मारली. "आले," म्हणत तिनं उंबऱ्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. नुसती धूळ होती. तिनं पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं.