उलट्या खाचेची चावी

वेबवाली पहिल्यांदा आली तेव्हाच ती मला आवडली नव्हती. बसायची स्टुलाच्या टोकावर, अवघडून. पण बोलायची मात्र दुकान तिच्या बापाचं असल्यासारखी. आमचं चाव्यांचं दुकान. खाली दुकान, वर घर, आणि वर जायचा जिना माझ्या गल्ल्याला लागूनच. दादा चाव्या करतो, कुलपं दुरुस्त करतो. मी गिऱ्हाइकं बघते. हल्ली लोक घराची चावी हरवली तरी आधी फोनमध्ये शोधतात म्हणे, म्हणून दादाच्या डोक्यात वेबसाइट शिरली होती.

"डोमेन म्हणजे तुमच्या दुकानाची पाटी," वेबवाली समजावत होती. "होस्टिंग म्हणजे दुकान उभं करायची जागा, ती भाड्याने घ्यायची. सर्व्हर म्हणजे त्या जागेतलं यंत्र, ते सतत चालू असतं. आणि ब्राउझर म्हणजे गिऱ्हाईक ज्या गाडीत बसून येतं ती गाडी."

"म्हणजे जागा भाड्याची, यंत्र दुसऱ्याचं, गाडी गिऱ्हाइकाची," मी म्हटलं. "मग आपलं काय उरलं? नुसती पाटी?"

"पत्त्याच्या आधी एक छोटं कुलूप दिसेल," ती माझ्या बोलण्याकडे काणाडोळा करून म्हणाली. "म्हणजे मधल्या मधे कुणी चोरून वाचू शकत नाही."

"किती पिनांचं?" दादाने विचारलं.

ती खळखळून हसली. दादा हसला नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मग पहिल्या पानावर टाकायला फोटो हवा म्हणाली. भिंतभर चाव्या टांगलेल्या असताना दादाने खिशात हात घातला आणि आमच्या घराची चावी काढून टेबलावर ठेवली. मी ओरडलेच. आमच्या वडिलांची शिस्त होती: चावी कुणाच्या हातात देताना दात तळव्यात झाकून द्यायचे. चावीचे दात दिसले की कसबी माणसाला घर उघडल्यासारखंच. दादाने ती शिस्त जन्मभर पाळली होती. वहिनीला काम शिकवलं तेव्हा तिलाही पहिल्यांदा हेच शिकवलं होतं.

"अरे, वेडाबिडा झालास काय? ही घराची आहे!"

"माहीत आहे, चिमे," तो म्हणाला. माझे केस पांढरे झाले तरी मी त्याची चिमीच आहे. "जवळून काढा हं फोटो. दात नीट दिसले पाहिजेत."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

वहिनी एका दुपारी सुई-दोरा आणायला म्हणून गेली ती आलीच नाही. तिची चावी खुंटीवर तशीच होती. पुढे नदीकाठी सापडलेला एक स्वेटर पोलिसांनी आम्हाला दाखवला. मी म्हटलं, हा तिचाच, ही वीण मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे. दादा म्हणाला, तिचा नाही. पोलिसांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि स्वेटर परत पिशवीत घातला. त्यानंतर आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मी कितीदा म्हटलं, जुनं कुलूप आहे, बदलून टाकू. कुलपांच्या दुकानदाराच्या घराला गंजकं कुलूप, लोक हसतात. तो म्हणायचा, "ती आली तर बाहेर उभी राहील." वहिनी कसबी होती. नुसती चावी बघून तशीच दुसरी घासून द्यायची. तिला साचा लागायचा नाही. तिच्यासाठीच तो फोटो जगापुढे टांगत होता.

मी फोटो काढू दिला. मला या जगात आपलं म्हणावं असं हे एकच माणूस, आणि ते वाट बघण्यावर जगत होतं. ती वाट मोडली तर तोही मोडेल, याची मला धास्ती होती.

साइट सुरू झाली. वेबवाली अधूनमधून लॅपटॉप घेऊन यायची आणि कोण आलं, कोण गेलं ते दाखवायची. याला ट्रॅफिक म्हणायचं, म्हणाली. आमच्या साइटवर ट्रॅफिक म्हणजे एखादं चुकलेलं वासरू. पण एकदा तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे एक गिऱ्हाईक रोज येतंय. दुपारीच. बाकी काही बघत नाही. फोटो उघडतं, मोठा करतं, आणि बराच वेळ बघत बसतं."

"एकच आहे कशावरून?" मी विचारलं.

"कुकीवरून. कुकी म्हणजे पहिल्यांदा आलेल्याच्या हातावर मारलेला शिक्का समजा. पुन्हा आलं की ओळखू येतं." तिने पडदा आमच्याकडे वळवला. "गंमत म्हणजे कुठून येतंय ते दाखवतच नाहीये. गावाचं नाव नाही, देशाचं नाही. ब्राउझरसुद्धा कुठला ते कळत नाही. असं सहसा होत नाही."

दादा पडद्याजवळ वाकला. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी फार दिवसांत बघितलं नव्हतं. तो खूश होता.

त्याच आठवड्यात वरून आवाज यायला लागला.

दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दादा यंत्रावर चावी घासत होता. त्याने यंत्र बंद केलं तरी घासल्याचा आवाज येतच राहिला. बारीक, चिवट, धातूवर धातू. आमच्या दारापाशी. मी जिन्याकडे बघितलं. माझ्या समोरून गेल्याशिवाय वर कुणी जाऊच शकत नाही, आणि कुणी गेलं नव्हतं. मी धावत वर गेले. दारात कोणी नव्हतं. कुलपाच्या तोंडाभोवती ताजे ओरखडे होते, पितळ चमकत होतं.

"चोर आहे कुणीतरी," मी खाली येऊन म्हटलं. माझंच मला पटलं नाही.

दादा भिंग घेऊन वर गेला. कुलपासमोर गुडघ्यावर बसून त्याने एकेक ओरखडा बघितला. "चावी आतच शिरत नाहीये," तो म्हणाला. "टोक जातं आणि अडतं. खाच उलटी पडतेय." तसाच उठला, खाली आला, फोनवर आमची साइट उघडली आणि कपाळावर हात मारला. "फोटो उलटा आहे, चिमे! दातांकडे बघत राहिलो, खाचेकडे बघितलंच नाही."

वेबवालीला फोन केला. ती सहज म्हणाली, "हो, मीच फिरवला. आरशात दिसतो तसा. चावीचं टोक तुमच्या नावाकडे आलं, छान दिसतं ना?" तिच्या मते चावी इकडून काय नि तिकडून काय. पण चावीच्या अंगावरून जी लांब खाच जाते ती डाव्या अंगाला आहे की उजव्या, यावर ती कुलपात शिरणार की नाही ते ठरतं. दादा तिला एक शब्दही वाकडा बोलला नाही. फक्त म्हणाला, "सरळ करा. आत्ता."

तिने लगेच केला. आम्ही दोघांनी बघितला. अगदी बरोबर होता. दुसऱ्या दिवशी दादा दुपारी काम सोडून जिन्याच्या पायरीवर बसून राहिला.

घासल्याचा आवाज आला. तसाच. टोक जायचं आणि अडायचं.

वेबवाली आली तेव्हा दादाने तिला खुर्ची दिली, जी तो कुणाला देत नाही. "नवा फोटो त्या गिऱ्हाइकाला दिसत नाही का?"

"नसेल दिसत. त्याला कॅश म्हणतात. ब्राउझर एकदा बघितलेलं पान स्वतःजवळ ठेवून घेतो. पुन्हा आलं की तीच ठेवलेली प्रत दाखवतो. आपण इथे कितीही बदललं तरी त्यांच्याकडे जुनंच."

"मग ती प्रत आपण बदलायची कशी?"

"नाही बदलता येत, काका. ती त्यांच्याजवळ असते. त्यांनीच पान ताजं करायला हवं."

"तिला कोण सांगणार?"

"तिला?" वेबवालीने विचारलं. दादा जिन्याकडे बघत होता. तिने घाईघाईने लॅपटॉप मिटला आणि निघाली. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही, आणि पहिल्यांदाच मला ती यावीशी वाटली.

दादा खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, आता खचला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, सोड ना रे. तिला जाऊ दे."

त्याने मान वर केली. "तिच्याकडची चावी बदलत नाही म्हणतेय वेबवाली. मग कुलूप बदलू."

इतकी वर्षं मी ज्यासाठी कानीकपाळी ओरडत होते ते तो करायला निघाला होता, आणि मी त्याचे हात धरले. "नको! अरे, तो स्वेटर तिचाच होता. तुलाही माहीत आहे. दाराशी जे आहे ते..."

"माहीत आहे," तो म्हणाला. इतक्या सहज की मी त्याचे हात सोडले.

त्याने उलट्या खाचेचं कुलूप शोधलं, चावीचे दात ज्यांना उचलतात त्या आतल्या पिना काढल्या, जुन्या चावीच्या दातांप्रमाणे पुन्हा बसवल्या. इतकं सुबक काम मी त्याच्या हातून कधी बघितलं नव्हतं. गुणगुणत होता. संध्याकाळपर्यंत कुलूप दाराला लागलं.

"चाव्या?" मी विचारलं.

"ती आणेल."

"आणि माझी?"

तो हत्यारं पुसत राहिला. त्या रात्री दार नुसतं लोटून आम्ही झोपलो. मी झोपले असं म्हणायचं इतकंच. सकाळी खाली उतरताना दादाने दार ओढून घेतलं. कुलूप खट्कन बसलं, आणि मला कळलं की आता आम्हा दोघांनाही घरात जाता येणार नाही.

दुपारी घासल्याचा आवाज आला नाही. एक चावी सरळ आत गेली, फिरली, आणि वरचं दार उघडलं. समोर जिना रिकामा होता.

दादाने हात धुतले, केस नीट केले. मी त्याची बाही पकडली. "जाऊ नकोस. माझ्यासाठी नको जाऊस. मी एकटी काय करू?" मी लहान मुलीसारखी रडत होते, मला त्याची लाज वाटत नव्हती.

"सोड, चिमे," तो मायेने म्हणाला आणि एकेक बोट सोडवून वर गेला. दार लागलं.

मी वर बघत उभी राहिले. छतावर त्याची पावलं वाजली. मग त्यांच्या जोडीला दुसरी, हलकी, ओळखीची. खुर्ची सरकली. कुणीतरी हसलं, आणि दादा तसा हसला जसा तो लग्न झालं त्या वर्षी हसायचा. माझ्यानं राहवलं नाही. जिना चढले, जुनी चावी कुलपाला लावली. टोक गेलं आणि अडलं. मी पुन्हा लावली. पुन्हा. चावी पितळावर घासत राहिली. "दादा! अरे दादा, मी आहे!" मी दारावर थापा मारल्या, घसा सुकेपर्यंत हाका मारल्या.

आत बोलणं थांबलं.

"अहो, दाराशी काहीतरी वाजतंय," वहिनीचा आवाज आला. "कोण आहे?"

"कोणी नाही गं," दादा म्हणाला. "येईल आवाज थोडे दिवस. मग थांबेल."